खबर देणाऱ्याचे घर

गुप्तहेरकथा हा आपल्याकडे पूर्वापार चोरून वाचण्याचा वाङ्मयप्रकार आहे. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा पाठ्यपुस्तकाच्या पोटात दडवून वाचली नाही असा मनुष्य एका अख्ख्या पिढीत शोधून सापडणे कठीण. पण त्याच पिढीतील मंडळी पुढे समीक्षा लिहू लागली तेव्हा या वाचनाचा उच्चार करणे त्यांना कमीपणाचे वाटले. आता हा प्रकार पुस्तकातून उठून पडद्यावर आला आहे आणि घरातील सर्व माणसे दिवाणखान्यात बसून तो राजरोस पाहतात. जे राजरोस पाहिले जाते त्याची चिकित्साही राजरोस व्हावी, या हेतूने मी एका हेरमालिकेचा पहिलाच भाग विचारासाठी घेतला आहे. मालिका अमेरिकन आहे आणि तिचे नाव 'होमलँड'. २ ऑक्टोबर २०११ रोजी हा पहिला भाग तिकडे प्रथम दाखविला गेला, आणि आठ पर्वे होऊन २०२० साली मालिका संपली. तिची नायिका कॅरी मॅथिसन ही सी. आय. ए. या गुप्तचर संस्थेतील अधिकारी असून क्लेअर डेन्स या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे.

एकाच भागावर एवढा लेख कशासाठी, असे कोणी विचारील. मी ज्या मुलखात राहतो त्या झाडीपट्टीत या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज पडत नाही. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया भरू लागतात, शंकरपट होतात आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकाचे भवितव्य पहिल्या प्रवेशातच ठरते. तणसावर बसलेला प्रेक्षक थंडीत पहाटेपर्यंत थांबायचे की घोंगडी आवरायची, याचा निर्णय तेवढ्यात करून मोकळा होतो. पहिला प्रवेश म्हणजे नाटककाराने प्रेक्षकाशी केलेला करार. 'होमलँड'ने आपल्याशी कोणता करार केला आणि तो पाळला काय, एवढेच मला पाहायचे आहे.

कथेचा आरंभ बगदादमध्ये होतो. हसन इब्राहिम नावाचा एक बाँब बनविणारा कैदी फाशीच्या वाटेवर आहे. अमेरिकेवर होणाऱ्या हल्ल्याची काही बातमी त्याच्यापाशी आहे, आणि त्याला घोर लागला आहे तो आपल्या कुटुंबाचा. वरिष्ठ डेव्हिड एस्टिस साहाय्य करीत नाही, तेव्हा कॅरी लाच देऊन तुरुंगात शिरते आणि कुटुंबाला संरक्षण देण्याचे आश्वासन देऊन बातमी मागते. पहारेकरी तिला ओढून नेत असताना तो मनुष्य तिच्या कानात काही पुटपुटतो. ते काय होते हे पुढे कळते : एक अमेरिकन युद्धकैदी शत्रूला फितूर झाला आहे.

दहा महिने लोटतात. २००३ पासून बेपत्ता असलेला निकोलस ब्रॉडी हा सैनिक अफगाणिस्तानातील एका छाप्यात जिवंत सापडतो. देश त्याला वीर म्हणून डोक्यावर घेतो आणि एकट्या कॅरीच्या मनात संशयाची पाल चुकचुकते. तिचा गुरू सॉल बेरेन्सन परवानगी देत नाही. मग ती कोणालाही न विचारता ब्रॉडीच्या घरात, तो परतण्यापूर्वीच, कॅमेरे आणि ध्वनिग्राहक बसविते. येथून खरी मालिका सुरू होते. पुढे काय होते आणि भागाचा शेवट कोणत्या दृश्यावर होतो, ते मी सांगत नाही. रहस्य फोडणाऱ्या समीक्षकाला क्षमा नसते. मुलांना निजवून पाहण्याची ही मालिका आहे, एवढे मात्र गृहस्थधर्म म्हणून सांगून ठेवतो.

या भागाचे पहिले यश असे की, त्याने हेरगिरीचे क्षेत्र रणांगणावरून उचलून घरात आणले. आठ वर्षांनी परतलेला नवरा, त्याची वाट पाहण्याचे सोडून दुसऱ्याचा आधार घेतलेली बायको जेसिका, बापाला जवळजवळ न ओळखणारी दोन मुले – हे कोणत्याही कौटुंबिक नाटकाचे साहित्य आहे. 'होमलँड' ज्या इस्रायली मालिकेवर आधारली आहे त्या गिडिऑन राफ यांच्या 'हातुफिम'चा भरही परतलेल्या सैनिकांवर आणि त्यांच्या घरांवरच होता. हॉवर्ड गॉर्डन आणि ॲलेक्स गन्सा यांनी त्या घरासमोर रात्रभर जागी राहून पाहणारी एक एकटी स्त्री बसविली, आणि आपण प्रेक्षकही तिच्या शेजारी जाऊन बसलो. नवराबायकोच्या अवघडलेल्या एकांताकडे ती पाहते तेव्हा आपणही पाहतो. तिला लाज वाटायला हवी असे म्हणता म्हणता ती आपल्यालाच वाटू लागते. हे साधणे सोपे नाही.

दुसरे यश नायिकेच्या घडणीत आहे. आमच्या जुन्या रहस्यकथांतील स्त्री बहुधा आमिष म्हणून यायची. सुंदर असणे एवढाच तिचा उद्योग. कॅरी सुंदर असूनही त्या कामाला फारशी येत नाही. ती बैठकीला उशिरा पोचते, वरिष्ठांशी भांडते आणि मनोविकारावरचे औषध ॲस्पिरिनच्या बाटलीत लपवून घेते. हा आजार दाखविण्यात एक धोका होता. प्रतिभा आणि वेड यांची सोयरीक लावणे ही लेखकांची जुनी खोड आहे. येथे मात्र आजाराचा उपयोग निराळा झाला आहे. इतरांना न दिसणारे ही बाई पाहते, पण तिच्या पाहण्यावर विश्वास ठेवावा काय, हे आपल्यालाही ठरविता येत नाही. कथेतील संशय अशा रीतीने नायिकेपर्यंत येऊन पोचतो. एका प्रवेशात मात्र लेखकांचा तोल सुटला आहे. आपले कृत्य उघडकीस आले असे पाहून कॅरी सॉलला मोहात पाडू पाहते. बुद्धीने जगणारी स्त्री पेचात सापडली की देह पुढे करील, हा त्या जुन्या रहस्यकथांचाच सिद्धांत येथे चोरपावलांनी परतला आहे. सॉलच्या चेहऱ्यावरील तिटकारा मॅंडी पॅटिन्किन यांनी उत्तम दाखविला. माझा तिटकारा मात्र लेखकांसाठी आहे.

याची भरपाई लगेच पुढच्या प्रवेशात होते. कॅरी एका मद्यगृहात बसली आहे. समोर जॅझचे वादन चालले आहे, वर दूरचित्रवाणीवर ब्रॉडीचा सत्कार दाखवीत आहेत. वादकांची बोटे पाहता पाहता तिची नजर ब्रॉडीच्या बोटांवर जाते. निरनिराळ्या प्रसंगांच्या चित्रांत ती बोटे एकाच ठेक्याने हालत आहेत! ताडोब्याच्या जंगलात ज्याने जाणत्या वाटाड्याबरोबर फिरून पाहिले आहे त्याला हा प्रवेश चटकन उमजेल. वाटाड्या वाघाला शोधीत नाही. तो चितळाचा इशारा ऐकतो, झाडावरच्या वानराचे खाकरणे ऐकतो, धुळीतला ठसा किती ताजा आहे ते पाहतो, आणि मग हळूच बोट दाखवितो. पाहणे म्हणजे डोळे फाडणे नव्हे. कशाशी काय जुळते ते ओळखणे. मायकेल क्वेस्टा यांच्या दिग्दर्शनात एवढे एक दृश्य जरी असते तरी मी त्यांना दाद दिली असती.

येथपर्यंत सर्व ठीक झाले. परंतु माझ्या शेजारच्या काकूंनी एका प्रश्नात माझे कौतुक जागच्या जागी थांबविले. काकूंचे माहेर एटापल्लीकडचे. संवादांचा अर्थ मी त्यांना सांगत होतो. भाग संपल्यावर त्या म्हणाल्या, "ते सारं जाऊ द्या जी. त्या फाशीच्या मानसाच्या बायकोलेकराइचं का झालं?" मी म्हटले, ते या भागात सांगितलेले नाही. "मंग वचन कायले देलं तिनं?" असे म्हणून त्या उठल्या.

माझ्या मते या भागावरील सर्वांत मार्मिक टीका ती हीच. हसन इब्राहिमच्या त्या पुटपुटण्यावर सगळी मालिका उभी आहे. पण त्याचे शब्द घेऊन झाल्यावर कथेने त्याला दाराबाहेरच ठेवले. त्याच्या घराचा उल्लेख बातमी मिळविण्यापुरता झाला. ब्रॉडीच्या घराचा कोपरा न् कोपरा आपल्याला दाखविणाऱ्या या भागाला दुसऱ्या एका घराचा उंबरठाही दिसला नाही.

काकूंना तोच उंबरठा दिसावा, याला कारण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आपल्या जन्मापासून नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामधील संघर्ष पाहत आला. त्या जंगलातील गावांत 'खबऱ्या' या शब्दाला रहस्यकथेतला गोडवा कधीच नव्हता. तो शब्द ज्याला चिकटला त्याच्या जिवाची शाश्वती उरत नसे. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून कित्येक गावकरी मारले गेले, आणि प्रेताजवळ तसे लिहिलेली चिठ्ठी टाकलेली असे. त्याने खरोखर खबर दिली होती काय, हे विचारण्याची सोय गावाला नव्हती. आठवडी बाजारात कोणाशी बोलला, ठाण्यासमोरून किती वेळा गेला, एवढ्यावरून निकाल लागे. उलट दलमला भाकर दिली, म्हणून पोलिसांचा संशयही त्याच गावावर. दोन्हीकडून पाहिला जाणारा मनुष्य कसा जगतो, हे कळण्यासाठी त्या गावांना दूरचित्रवाणीची गरज नव्हती. २०२५ च्या १५ ऑक्टोबरला भूपती या ज्येष्ठ नक्षल नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली; त्याच वर्षाच्या १ जानेवारीला त्याची पत्नी तारक्का हिनेही तेच केले होते. बंदुका खाली ठेवता येतात, पण खबऱ्या म्हणून गेलेल्याच्या घरावरचा तो शब्द कोण खाली ठेवणार? या मुलखाची पार्श्वभूमी घेऊन 'नक्षलबारी' ही हिंदी मालिका २०२० साली आली, तिचा नायक विशेष दलाचा अधिकारी होता. खबर देणाऱ्याच्या घरातून जंगलाकडे पाहणारी मालिका अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.

हेरगिरीच्या कथेकडून इतकी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. त्याला मी आपल्याच परंपरेतील पुरावा देतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात स्त्री-हेराची योजना केली आहे. उपजीविका शोधणारी, दरिद्री, विधवा पण धीट अशी परिव्राजिका त्याने अमात्यांच्या घरी पाठविली. म्हणजे हेर स्त्रीचे क्षेत्र घर आहे, हे कॅरीच्या कितीतरी आधी ठरून गेले होते. आणि विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'चा पहिला अंक पाहा. यमाचा चित्रपट दाखवीत फिरणारा चाणक्याचा हेर चंदनदास श्रेष्ठीच्या घरी जातो. आतून एक लहान मूल बाहेर धावते, त्याला मागे ओढण्यासाठी एका स्त्रीचा हात दाराबाहेर येतो, आणि पुरुषाच्या मापाची सैल अंगठी त्या बोटातून निसटून हेराच्या पायाशी येते. ती राक्षसाची मुद्रा. तेवढ्या अंगठीवर चाणक्य सारे कारस्थान रचतो. ब्रॉडीच्या बोटांइतकेच हे सूक्ष्म निरीक्षण, आणि तेही एका आईच्या हातावर बसविलेले!

पण विशाखदत्त तेथे थांबत नाही. ज्याच्या दारात ती अंगठी पडली तो चंदनदास राक्षसाचे कुटुंब काही केल्या हवाली करीत नाही, आणि सातव्या अंकात आपण त्याला वधस्थानाकडे जाताना पाहतो. बायको आणि मूल रडत सोबत चालले आहेत. पहिल्या अंकातील चतुराईचे बिल नाटककाराने शेवटच्या अंकात प्रेक्षकांसमोर मांडले, आणि राक्षसाने स्वतः पुढे येऊन ते चुकविले तेव्हाच नाटक संपले. बुद्धिबळासारखे हे नाटक आजही आपल्याला माणसांचे वाटते, त्याचे कारण हा हिशेब आहे.

'होमलँड'चा पहिला भाग बुद्धीने चोख आहे, अभिनयाने संपन्न आहे, आणि प्रेक्षकाला पुढल्या भागापर्यंत नेण्याचे सामर्थ्य त्याच्यात निःसंशय आहे. आमच्या मंडईतला प्रेक्षक त्यावर घोंगडी आवरणार नाही, बसून राहील. पण करार पुरा पाळला गेला असे मी म्हणणार नाही. बगदादच्या तुरुंगात दिलेल्या वचनाची एकदा जरी आठवण कॅरीला झाली असती, घरी बसून ब्रॉडीच्या मुलांकडे पाहताना दुसरी काही मुले एका क्षणापुरती जरी तिच्या डोळ्यांपुढे आली असती, तरी तिचे जागरण आपल्या मनाला अधिक भिडले असते. तेवढी जागा त्या भागात होती. लेखकांनी ती जॅझला दिली.

दिवाळीच्या सुटीत आपण ही मालिका पाहणार असाल तर अवश्य पाहा, आणि पाहताना काकूंचा प्रश्न जवळ ठेवा. खबर कोणती आली याकडे कथा आपले लक्ष वेधीतच राहील; ती कोणाच्या घरातून आली, तेवढे आपण आपले विचारावे.