तारेची कणगी

रूथ असावा (१९२६–२०१३) यांची तारेची शिल्पे मी फक्त छायाचित्रांत पाहिली आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. तरी लिहावेसे वाटले, कारण या कलेचे मूळ एका टोपलीत आहे. १९४७ साली मेक्सिकोतील तोलुका येथे अंड्यांसाठी तारेच्या टोपल्या विणल्या जात. ती वीण असावा तिथे शिकल्या. डाग देणे नाही, ठोकणे नाही; एका वेढ्यात दुसरा वेढा. त्यातून छताला टांगलेले, भोपळ्यासारखे फुगत-आवळत जाणारे आकार झाले. एकाच्या पोटात दुसरा, आणि दोन्ही आरपार दिसणारे.

असावा कॅलिफोर्नियातील जपानी शेतकऱ्याची मुलगी. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. असावांचे कुटुंब आधी घोड्यांच्या तबेल्यात राहिले. स्वतःच्याच देशात निष्ठेचा पुरावा मागितला जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

म्हणून या तारेत छावणीचे काटेरी कुंपण शोधण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. छावणीबद्दल जे म्हणायचे ते त्यांनी सॅन होजे येथील १९९४ च्या ब्राँझ स्मारकात उघड सांगितले आहे. तार वेगळे बोलते. सहा मुलांच्या संसारात, घरातच बसून त्या विणत. पन्नासच्या दशकात काहींनी याला बायकी हस्तकला म्हणून हिणवलेही.

आमच्याकडे कैकाडी तुराट्यांच्या, निरगुडीच्या कणग्या विणत. शेणाने लिंपल्या की आतले दिसत नसे. घरेही तशीच: दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहारा भागात ही घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अम्मी सांगते, पत्र्याच्या शेडमधून नव्या घरात गेल्यावरही लोक अंगणातच झोपत. उर्दू शिकवताना मी मुलांना ‘मकान’ आणि ‘घर’ यांतला फरक सांगते, तेव्हा आता ही शिल्पे डोळ्यांसमोर येतात. त्यांत भिंत आहे, भार नाही.

एक मात्र खटकते. टोपली संग्रहालयात गेली, विणणारे हात बाजारातच राहिले. आमच्या आठवडी बाजारात तर प्लास्टिकच्या पाट्या आल्या, आणि कणगी विणणारे आता शोधावे लागतात.