फावल्या वेळाचे वाङ्मय

आपल्या लोकांत छंदाविषयी दोन म्हणी वारंवार ऐकू येतात, आणि दोन्ही त्याच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही एक आणि 'हौसेला मोल नाही' ही दुसरी. पहिलीत तुच्छता आहे, दुसरीत कौतुक आहे. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. मनुष्याने पोटाच्या उद्योगाबाहेर जे काही केले, ते तपासून पाहण्याचे कारणच उरत नाही. जे रिकामपणाचे ठरले ते कोणी मोजीत नाही, आणि ज्याला मोलच नाही असे म्हटले तेही कोणी मोजीत नाही. आमच्या टीकावाङ्मयातही या दोन म्हणींचाच अंमल चालत आला आहे. एखाद्या वकिलाने नाटक लिहिले किंवा एखाद्या डॉक्टराने इतिहासाचा ग्रंथ रचला, की परीक्षणकार एक तर नाक मुरडतो, नाही तर 'व्यवसायाचा व्याप सांभाळून त्यांनी हे केले हे विशेष होय' असे एक वाक्य लिहून मोकळा होतो. या वाक्याने लेखकाचा मान राखला गेला असे वरवर दिसते. वस्तुतः त्याच्या ग्रंथाला परीक्षेस बसण्याची परवानगीच नाकारलेली असते.

छंद हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो, याकडे येथे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. छंद म्हणजे मनाची ओढ. आणि छंद म्हणजे वृत्त, अक्षरांची व मात्रांची मोजणी. एका अर्थात स्वैरता आहे आणि दुसऱ्यात बंधन आहे. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात, ते केवळ योगायोगाने असे कोणी म्हणो. आम्हाला मात्र त्यात छंदाची खरी कसोटी सापडते. ज्या छंदात नुसती ओढ आहे पण मोजणी नाही, तो करमणूक ठरतो. ज्यात ओढ संपली आणि मोजणीच उरली, ती चाकरी होते. दोन्ही जेथे एकत्र येतात, तेथे फावल्या वेळाचे काम दिवसभराच्या कामाच्या तोडीचे होऊ शकते. ही कसोटी लावून पाहण्यासाठी आम्ही एक मराठवाड्याचे उदाहरण घेतो.

निलंगा हे गाव तीन गाभाऱ्यांच्या नीलकंठेश्वराच्या जुन्या हेमाडपंती देवळासाठी प्रसिद्ध आहे. आज ते लातूर जिल्ह्यात असले, तरी हा जिल्हा १९८२ साली झाला. त्यापूर्वी निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात मोडत होते. या गावी १९१० साली सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म झाला. मराठी, कानडी व तेलुगू या तीन भाषा बोलणाऱ्या प्रजेवर उर्दूतून राज्यकारभार चालणाऱ्या त्या संस्थानात ते वाढले, तेथेच मुलकी नोकरीत शिरले, आणि पुढे महाराष्ट्र राज्याच्या सेवेतही राहिले. म्हणजे पोटाचा उद्योग सरकारी अधिकाऱ्याचा. परंतु १९९४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी वाचकांनी त्यांना ओळखले ते अधिकारी म्हणून नव्हे. गालिब व इक्बाल मराठीत समजावून देणारा रसिक आणि फारसी साधने मराठीत आणणारा इतिहासकार म्हणून ओळखले. १९९२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला, तोही वाङ्मय व विद्या या क्षेत्रातील कामगिरीबद्दल.

अशा मनुष्याविषयी लिहिताना 'कचेरीच्या धबडग्यातून वेळ काढून' हे शब्द लेखणीच्या टोकाशी आपोआप येतात. ते आम्ही बुद्ध्या टाळतो. कारण पगडींच्या लेखनाकडे नीट पाहिले, तर कचेरी ही त्यांच्या छंदाची वैरीण होती असे दिसतच नाही. ती पुष्कळ वेळा त्याची दाई होती.

गोंडी भाषेचेच पाहा. आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात १९४० साली कोमरम भीम याच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला आणि तो गोळीबाराने मोडण्यात आला. त्यानंतर निजाम सरकारने या लोकांची स्थिती समजून घेण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना तेथे पाठवले. मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे काम सुरू झाले, आणि गोंडी भाषेतील पहिली पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत निघाली. याच मुलखात पगडींची गोंडांच्या कल्याणकार्यासाठी नेमणूक झाली होती. नेमणुकीच्या गरजेपुरती भाषा दुभाष्याच्या आधारानेही निभावते. कित्येक अधिकाऱ्यांची निभावली. पगडींनी गोंडी व कोलामी या दोन्ही भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली, आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तक केले. व्याकरण लिहा, असा हुकूम कोणत्याही सरकारी कागदावर नसतो. येथे ओढ त्यांची स्वतःची होती. पण व्याकरण म्हणजे मोजणीच. नामाला प्रत्यय कोणता लागतो, क्रियापद लिंगवचनाप्रमाणे कसे बदलते, हे अंदाजाने लिहून भागत नाही. छंदाचे दोन्ही अर्थ येथे एका कामात उतरले आहेत.

दुसरे उदाहरण 'मोगल दरबारची बातमीपत्रे' या नावाने त्यांनी मराठीत आणलेल्या अखबारांचे. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली येथेच वारला. या सव्वीस वर्षांत त्याच्या छावणीतून रोजच्या घडामोडींची फारसी बातमीपत्रे निघत. कोणाची मनसब वाढली, कोणाला खिलत मिळाली, कोणत्या किल्ल्याच्या वेढ्याची काय हकीकत आली, कोणावर बादशहाची इतराजी झाली, अशा नोंदींनी ती भरलेली असतात. सामान्य वाचकाला ती रूक्ष वाटतील. पण ज्याने स्वतः वर्षानुवर्षे खालून आलेले अहवाल वाचले व वर पाठवले आहेत, त्याला या रूक्षपणात मनुष्यस्वभाव दिसतो. हाताखालचा अधिकारी वरिष्ठाला काय कळवतो, काय गाळतो, आणि पराभवाला कोणते गोंडस नाव देतो, हे दप्तरात वावरलेल्या डोळ्याला जितके लवकर उमगते तितके अन्य कोणाला क्वचितच. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची शत्रूच्या गोटातील बाजू अशा दृष्टीच्या मनुष्याच्या हातून मराठीत यावी, हे मराठी वाचकाचे भाग्य म्हटले पाहिजे. ज्याला फारसी येत नाही त्याला बखरींच्या शेजारी ठेवून ताडून पाहण्यासारखे साधन त्यामुळे घरबसल्या मिळाले.

हा गुण केवळ पगडींचाच नव्हे. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस पाहणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले, त्याच्या मागे दिवसभर नाणी हाताळणाऱ्या माणसाची नजर होती. आमच्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळाखात्यातील शिक्षक; त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना, अवघड गोष्ट पायरीपायरीने समजावून देण्याची शिक्षकाची सवय पानोपानी जाणवते. उद्योगाने हाताला जे वळण लावले, ते छंदाने दुसऱ्या क्षेत्रात नेऊन वापरले. 'मुख्य उद्योग' आणि 'छंद' यांच्यामध्ये आपण जी भिंत कल्पितो, तिला अशी पुष्कळ दारे असतात.

परंतु कसोटी लावावयाची म्हटली की ती दोन्ही बाजूंनी लावली पाहिजे. पगडींच्या गालिब-परिचयाने उर्दू लिपी न येणाऱ्या मराठी वाचकाला त्या कवीच्या दाराशी नेले, हे खरे. गालिबाची रचना फारसी समासांनी गच्च भरलेली. कोशाशिवाय पाऊल टाकणे कठीण. तेथे अर्थ उलगडून सांगणारा मार्गदर्शक मिळाला, हा मोठाच उपकार होय. तथापि गझलेचा अर्थ गद्यात सांगितला की रदीफ आणि काफिया यांच्या पुनरावृत्तीने कानाला लागणारी हुरहूर नाहीशी होते. शेराच्या पहिल्या ओळीने जी उत्कंठा ताणली ती दुसऱ्या ओळीत एकाएकी सुटते, यातच त्याची अर्धी खुमारी असते. स्पष्टीकरणात ती उत्कंठा टिकत नाही. पगडींचा मार्ग मुख्यतः भाष्यकाराचा आहे, कवीचा नव्हे. त्यांच्या पुस्तकावरून गालिब काय म्हणतो हे कळते. तो ऐकताना मैफलीत काय घडते हे कळण्यास पुन्हा मूळ शेराकडेच जावे लागते. इतिहासलेखनातही एकच काळ व तीच साधने त्यांनी अनेक पुस्तकांतून हाताळल्यामुळे वाचकाला मधून मधून पुनरुक्ती भेटते. हे दोष 'ते काही पेशाने प्राध्यापक नव्हते' असे म्हणून झाकणे हा त्यांचा अपमान आहे. ज्याचे गुण आपण विद्वानाचे म्हणून मानतो, त्याचे दोषही विद्वानाचे म्हणूनच मोजले पाहिजेत.

मोजणीचे महत्त्व किती, हे निलंग्याहून फार दूर नसलेल्या तेर या गावी अधिक स्पष्ट होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक दर्यावर्दी वाटाड्या 'पेरिप्लस' यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. या गावच्या पांढरीच्या टेकाडांतून निघणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती व हस्तिदंती वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी आयुष्यभर जमवल्या. ते पुराणवस्तुखात्याचे अधिकारी नव्हते. गावावरील प्रेमाखेरीज दुसरे कारण त्यांना नव्हते. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांचेच नाव धारण करते. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून जाणकारांना इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण होते. हा छंद नसता, तर यातील कितीतरी वस्तू भंगारात आणि मुलांच्या खेळात नाहीशा झाल्या असत्या.

तरीही उत्खननशास्त्र जाणणारा मनुष्य येथे एक खंत बोलून दाखवील, आणि ती रास्त आहे. पावसाने उघडी पडलेली किंवा नांगराच्या फाळाला लागलेली वस्तू हाती येते तेव्हा ती कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे तिच्याबरोबर येत नाही. वस्तू वाचते आणि तिची साक्ष अर्धी हरवते. हा दोष संग्राहकाच्या निष्ठेचा नव्हे. नुसत्या ओढीने किती गाठता येते त्याची ही मर्यादा आहे. संग्रहालय म्हणून मांडणी झाली, जाणकारांनी वस्तूंचे वर्गीकरण केले, गावात पुढे रीतसर उत्खनने झाली, तेव्हा त्या ओढीला मोजणीची जोड मिळाली आणि दोन्हींचे चीज झाले.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कोणी म्हणेल, 'दिवसभर दुसऱ्याच्या मापाने मोजले गेल्यावर संध्याकाळी तरी मनुष्याला मापाबाहेर राहू द्या. प्रत्येकाने व्याकरणच लिहावे काय? एखाद्याने नुसती पेटी वाजवली, बागेत चार गुलाब लावले, तर तुमचे काय बिघडले?' काहीच बिघडत नाही. फ्रेंच चित्रकार आँग्र हा व्हायोलिन वाजवीत असे, आणि त्यावरून त्या भाषेत छंदालाच 'आँग्रचे व्हायोलिन' म्हणण्याचा प्रघात पडला. ते वादन त्याच्या चित्रांच्या तोडीचे होते की नव्हते याची चौकशी करण्याचा अधिकार आम्हाला नाही. घरच्या माणसांसाठी वाजवलेल्या सुरांवर टीकाकाराची सत्ता चालत नाही, चालू नये. मात्र तोच छंद छापून, जमवून किंवा रंगमंचावर मांडून लोकांपुढे आला, की त्याने लोकांचा वेळ व विश्वास मागितला असे होते. तेथे हौशीपणाची ढाल पुढे करता येत नाही.

शिवाय आम्हाला खरी भीती टीकाकारापेक्षा निराळ्याच एका मापाची वाटते. आपल्या सुशिक्षित घरांतून आज छंदाला जागा मिळते, पण ती प्रमाणपत्राच्या अटीवर. उन्हाळ्याची सुटी लागली की मुलाला छंदवर्गात घालतात. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून चित्रकला. आणि गुण पदरात पडले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. येथे मोजणी आहे, परंतु ती छंदाच्या अंगची नव्हे, बाहेरून लादलेली आहे. गोंडी क्रियापदाचे रूप बरोबर आले की नाही ही काळजी भाषेच्या आवडीतूनच जन्मते. गुणपत्रिकेची काळजी तशी जन्मत नाही. वडीलधाऱ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. कचेरीतून आलेला गृहस्थ उरलेली संध्याकाळ मोबाईलच्या पडद्यावर दुसऱ्यांचे छंद पाहण्यात घालवतो, आणि स्वतःला वेळ नाही अशी तक्रार करतो.

आमच्या मध्यमवर्गातील किती घरांत अजून अशा जुन्या वह्या असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आजोबांनी उतरून घेतलेल्या ओव्या, मामांनी तीस वर्षे टिपलेले पावसाचे आकडे, आत्याने जमवलेले रांगोळीचे नमुने. घर बदलताना या वह्या रद्दीत जातात. घालणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. 'त्यांचा आपला एक नाद होता' एवढेच तो म्हणतो. कोणी तरी ती वही एकदा उघडून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, गंभीरपणे वाचावयास हवी होती. कदाचित ती रद्दीच्याच योग्यतेची निघाली असती. कदाचित निघाली नसती. पण तो निर्णय वाचून व्हावा, न वाचता होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. आणि पगडींच्या ग्रंथांपासून घरच्या माळ्यावरील वहीपर्यंत ते सारखेच लागू आहे.