झाड लगेच फुलत नाही

नगरमधल्या एका कथकच्या वर्गात भर दुपारी मी खुर्ची टाकून बसले होते. समोर एक तरुण नर्तकी, तबल्यावर तिचा साथीदार, आणि मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलेलं एक जुनं चित्र. बारा मिनिटांची एकल रचना ती बसवत होती. प्रयोगाआधी कुणीतरी बाहेरच्या माणसाने बघावं म्हणून तिने मला बोलावलं होतं.

चित्र आमच्याच गावच्या इतिहासातलं. हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत एक काव्य रचलं. त्याची सचित्र पोथी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं. या कल्पनेला संस्कृतात ‘दोहद’ म्हणतात: झाडाला डोहाळे लागतात आणि सुंदर स्त्रीने ते पुरवले की ते बहरतं. फारसी काव्य, दख्खनचा सुलतान, लांब वेण्या घातलेल्या बायका आणि संस्कृत कवींचं लाडकं झाड, हे सगळं एका पानावर.

याच पोथीत दुसरी गोष्टही आहे. हुसेनची राणी खुंजा हुमायूँ, म्हणजे चांदबिबीची आई, काही चित्रांत सुलतानाशेजारी होती; तिथे तिच्यावर रंग फासलेला आहे. 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणीकडे आला. 1569 मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. तिची मर्जी संपल्यावरच तिची आकृती पुसली गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

नर्तकीने ही दोन्ही चित्रं एकत्र घेतली होती. सुरुवातीला ती चित्रातल्या पोझमध्ये उभी. मग ध्वनिमुद्रित निवेदन: राणी कोण, मुलगा कोण, कैद कशी झाली. त्याबरहुकूम हस्तमुद्रा. शेवटी तोंडावर ओंजळ, विव्हळणारी सारंगी आणि पुन्हा पहिली पोझ.

“कसं वाटलं, मॅडम?”

मी म्हटलं, “तू चित्र वाचून दाखवलंस. नाचलीस कधी?”

बोलणं जरा लागट झालं, पण तक्रार तिच्या एकटीबद्दल नव्हती. चित्र, कविता किंवा शिल्प घेऊन केलेल्या एकल रचना मी गेली काही वर्षं बघते आहे. बहुतेकींमध्ये हाच घोटाळा असतो: निमित्त आणि विषय एकच मानले जातात. चित्र हा विषय झाला की नाच त्याचा अनुवाद होतो, आणि मूळ भिंतीवर झळकत असताना अनुवादाकडे कोण बघणार? निमित्ताचं तसं नाही. त्याने शरीरासमोर एक अडचण ठेवायची आणि बाजूला व्हायचं. म्हणून चित्र घेणाऱ्या नर्तकीने ‘यात काय दाखवलं आहे’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हे शरीराला कुठे अडवतं’ असंही विचारावं लागतं.

याचा धडा आपल्याकडे फार जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राजा आधी मालविकेचं चित्रच बघतो आणि मग तिचा नाच बघायला तळमळतो. ही विदर्भाची मुलगी दुसऱ्या अंकात शर्मिष्ठेची चार चरणांची रचना एकटीने सादर करते. नाच संपल्यावर ती नुसती उभी राहते, आणि राजाला ते उभं राहणं नाचाहूनही सुंदर वाटतं. कथकमध्ये याला ठाट आहेच: विलंबित लयीत उभं राहायचं, भुवई, मान आणि मनगट एवढंच हलवायचं आणि समेवर थांबायचं. चित्राची स्थिरता नाचात आणायला पोझची नक्कल करावी लागत नाही.

तिसऱ्या अंकातली गोष्ट मला याहून मोलाची वाटते. राणी धारिणीचा पाय दुखावलेला असल्यामुळे अशोकाला लाथ मारायचं काम मालविकेकडे येतं. लाथ मारली आणि फुलं आली, असं होत नाही. पाच रात्रींच्या आत फुलला तर मालविकेची इच्छा पुरी करीन, असं राणीचं वचन आहे. चित्रात स्पर्श आणि बहर एकाच क्षणी दिसतात, कारण चित्राला दुसरा इलाज नाही. नाचाकडे वेळ आहे. चित्राला जे जमत नाही ती वाट बघणं, आणि तिथेच नाचाचं काम सुरू होतं.

तिला मी बैठकीच्या लावणीचंही उदाहरण दिलं. यमुनाबाई वाईकरांसारखी कलावती एकच ओळ पुन्हा पुन्हा घेई आणि दर खेपेला अदा बदले: आधी रुसवा, मग विनवणी, मग थट्टा. गोष्ट पुढे सरकत नाही, ओळ मात्र खोल जाते. रचना वाढवणं म्हणजे दर वेळी नवा प्रसंग जोडणं नव्हे.

तीन आठवड्यांनी तिने पुन्हा बोलावलं. प्रोजेक्टर बंद होता आणि निवेदन गेलं होतं. तीनतालात एक तुकडा तिने पूर्ण नाचून दाखवला: हात, नजर, पाय सगळं. मग तोच तुकडा हातांशिवाय. मग नजर खाली ठेवून. मग पायांतले काही बोल गाळून. तबलजी मात्र पढंत पूर्ण करत होता. कानाला सगळं ऐकू येत होतं आणि डोळ्यांसमोरून बाई थोडी थोडी नाहीशी होत होती. मी न कळत गाळलेले हात मनात भरत होते. रंग फासलेल्या जागी बघणारा हेच करतो. राणीचं नाव नाही, मुलगा नाही, अश्रू नाहीत, आणि तरीही पुसलं जाणं त्या हॉलमध्ये घडलं.

मग पाच आवर्तनं तिने झाडासाठी ठेवली. एक हात पुढे केला आणि थांबली. दर समेला काहीतरी होईल असं वाटे आणि होत नसे.

माझी एक तक्रार उरली. त्या पाच आवर्तनांनंतर तिने एकवीस चकरा घेतल्या. टाळी तिथेच पडणार, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. पण जे झाड फुललं की नाही हे ती आपल्यावर सोडत होती, ते त्या चकरांनी परस्पर फुलवून टाकलं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, लोक तिकीट काढून येतात.” हे उत्तर खोटं नाही. नगरसारख्या गावात बारा मिनिटांच्या एकल नाचाला माणसं जमवणं सोपं नाही, आणि दोन टाळ्यांची गरज कुणाला नसते?

परत येताना फराहबागेवरून आले. भोवतालच्या तळ्यात पाणी नाही आणि आतली सजावट कधीच गेली. तो अष्टकोनी महाल मुर्तजाच्याच काळात, 1583 मध्ये पुरा झाला. आईला कैद करणाऱ्याचा महालही आज बघणाऱ्याने मनात भरून घ्यावा लागतो. त्या मुलीने चित्रातून हेच उचललं होतं: सगळं दाखवू नये, बघणाऱ्यासाठी जागा ठेवावी. चकरांचं काय करायचं ते तिचं तिने ठरवावं. मी प्रयोगाला जाणार आहे, आणि त्या पाचव्या समेला श्वास रोखून बसणार आहे.