विषुववृत्तीय आयनांबर : मित्रांच्या उपपत्तीविषयी

सूर्य माथ्यावर असता आयनांबरातील इलेक्ट्रॉन-घनता सर्वाधिक असावी, ही चॅपमन ह्यांच्या सिद्धांतातून निघणारी स्वाभाविक अपेक्षा होय. एफ्-२ थर ती पाळीत नाही. १९४६ साली अ‍ॅपल्टन ह्यांनी ठिकठिकाणच्या क्रांतिक कंप्रता चुंबकीय अक्षांशांनुसार मांडल्या, तेव्हा चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा घनतेची द्रोणी व तिच्या दोन्ही अंगांस दोन शिखरे आढळली. भारतात ही द्रोणी दक्षिण टोकाशी व उत्तरेचे शिखर अहमदाबादच्या आसपास येते. महाराष्ट्र त्या चढावर वसलेला आहे.

त्याच वर्षी शिशिरकुमार मित्र ह्यांनी सुचविले की, विषुववृत्तावर फार उंचीवर सूर्यकिरणांनी निर्माण झालेले इलेक्ट्रॉन व आयन चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने विसरण पावत उत्तर-दक्षिणेस उतरतात. ह्या उपपत्तीचे मर्म बलरेषांना मार्ग मानण्यात आहे आणि ते आजही ढळलेले नाही. तिचे वैगुण्य उगमाविषयीचे आहे. तितक्या उंचीवर वायू इतका विरळ असतो की, शिखरांना पुरेल एवढे आयनन तेथे घडूच शकत नाही. ही उणीव मार्टिन ह्यांच्या विद्युत्‌-गतिकीय विचाराने भरून निघाली : दिवसा ई थरातील डायनॅमो-क्रियेने पूर्वाभिमुख विद्युत्‌-क्षेत्र उत्पन्न होते, उत्तराभिमुख चुंबकीय क्षेत्राशी त्याचा संयोग होऊन खालच्या थरांतील आयनद्रव्य वर उचलले जाते, आणि पुढचा प्रवास मित्रांनी दाखविलेल्या वाटेनेच होतो.

पाठ्यपुस्तके ह्या साऱ्याला 'कारंजे' म्हणून मोकळी होतात. उपमा सोयीची, पण फसवी आहे. कारंज्यात फेकलेले पाणी त्याच वेगाच्या बळावर चढते. येथे उत्थान बलरेषांना छेदून व विद्युत्‌-क्षेत्र असेपर्यंतच होते, तर अवतरण बलरेषांवरून, गुरुत्व व दाबातील फरक ह्यांमुळे होते. हे दोन भिन्न व्यापार एकाच शब्दात कोंबल्याने मित्रांचा वाटा कोणता व मार्टिन ह्यांचा कोणता, हेच विद्यार्थ्यास उमगत नाही.

शिवाय पुराव्याचा प्रश्न आहेच. जमिनीवरील आयनांबरमापकास घनतेच्या शिखरापलीकडचे काहीही दिसत नाही. १० मेगाहर्ट्‌झ क्रांतिक कंप्रतेवरून घन सेंटिमीटरला सुमारे १२ लाख ४० हजार इलेक्ट्रॉन एवढे कळते. ते कोठून आले, हे कळत नाही. आलेखातील उंचीही आभासी असते, कारण आयनद्रव्यात स्पंदाचा वेग मंदावतो व प्रत्यक्षाहून अधिक उंची नोंदली जाते. म्हणून केवळ अशा नोंदींवरून उगमाचा निर्णय देणारे विवेचन, त्यात कितीही केंद्रांची कोष्टके असोत, अपुरेच समजले पाहिजे. २९ सप्टेंबर १९६२ रोजी सोडलेल्या कॅनडाच्या अलूएट-१ उपग्रहाने सुमारे १,००० किलोमीटर उंचीवरून खाली स्पंद पाठविले, तेव्हा शिखरावरील घनतेची बलरेषेला धरून असलेली कमान प्रथमच वरच्या बाजूने पाहता आली.