डुकराचा वंश आणि शुद्धतेचा हट्ट



आखाडा बाळापुरात जनावरांच्या जातींवर बोलायचं म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे लाल कंधारी येणार, नाहीतर देवणी. त्यात वावगं काही नाही, ती आपल्या मराठवाड्याचीच जनावरं. पण आज मी डुकराबद्दल बोलणार आहे. गाईबद्दल बोलताना भक्ती मध्ये येते. डुकराबद्दल कुणाला भक्ती नाही, त्यामुळे प्रश्न उघडा दिसतो. एखाद्या जनावराचा वंश जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं? ‘शुद्ध रक्त जपायचं’ असं उत्तर सर्रास दिलं जातं. माझा आक्षेप त्या उत्तराला आहे.

उदाहरण गोव्याचं घेऊ. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात आगोंद गाव आहे. त्या गावाच्या नावावरून ‘आगोंदा गोवन’ ही डुकराची देशी जात ओळखली जाते. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. देशी जातींची अधिकृत नोंद तिथे होते आणि तिथे या जातीचीही नोंद आहे. रंगाने बहुतेक काळं, घराच्या मागच्या अंगणात वाढलेलं, उष्ट्याखरकट्यावर जगणारं हे जनावर. देशभरात अशा गावठी डुकरांवर विलायती पांढऱ्या यॉर्कशायरचा संकर होत आला, कारण त्याने मांस लवकर भरतं. शिवाय एकूण संख्याही घटते आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात डुकरं भरली सुमारे ९०.६ लाख, २०१२ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी. म्हणजे जपण्याची गरज खरी आहे. वाद आहे तो कसं जपायचं याचा.

पहिला आक्षेप तर्काचा. जातीची नोंद होते तेव्हा तिचं वर्णन लिहिलं जातं: रंग असा, कान असे, उंची-वजन इतकं. हे वर्णन म्हणजे अनेक जनावरं मोजून काढलेलं सर्वसाधारण चित्र. पण एकदा कागदावर आलं, की त्याची आज्ञा होते. ‘असं आहे’ याचं ‘असंच असलं पाहिजे’ कधी झालं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मग ठिपक्याचं पिल्लू ‘अशुद्ध’ ठरतं आणि बाजूला काढलं जातं. त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं, काटकपणा गेला की रोग सोसण्याची ताकद गेली, हे कानाच्या आकारावरून कळत नाही.

दुसरा आक्षेप गणिताचा. समजा, तुमच्याकडे १०० माद्या आहेत आणि ‘अस्सल’ म्हणून निवडलेले फक्त २ नर. कळप १०२ चा दिसतो. पण पशुपैदाशीच्या शास्त्रात प्रभावी संख्या काढतात. नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. करून बघा, उत्तर येतं जेमतेम ८. माद्या हजार केल्यात तरी ८ च. नर मात्र २० ठेवलेत, तर शंभर माद्यांमध्येच ही संख्या ६७ च्या आसपास जाते. ती किमान ५० असावी असा साधारण दंडक आहे. ८ वर आली, तर दर पिढीला रक्ताची जवळीक सहा टक्क्यांनी वाढते. एका वेतातली पिलं कमी होतात, अशक्त निपजतात. आणि डुकराची पिढी वर्षा-दोन वर्षांत बदलते, म्हणजे नुकसान आपल्या डोळ्यांदेखत होतं. शुद्धतेसाठी जितकं गाळाल, तितका वंश बुडवाल.

आपल्याकडे सोयरीक जमवताना दोन गोष्टी बघतात. जात एक असावी आणि देवक एक नसावं. वंशावळीची वही ठेवायची ती या दुसऱ्या नियमासाठी. हा नर त्या मादीच्या नात्यातला तर नाही ना, हे बघायला. आपण मात्र ती वही पहिल्या नियमाचा दाखला म्हणून मिरवतो. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेची उकल हीच केली होती. गोत्राबाहेर लग्न करण्याची रीत मुळात होतीच, तिच्यावर जातीतच लग्न करण्याचं बंधन चढवलं गेलं आणि जात तयार झाली. मराठीत जनावराच्या वाणालाही ‘जात’ म्हणतात आणि माणसाच्या समूहालाही. म्हणून जनावरापाशी शुद्ध रक्ताचं कौतुक करताना जीभ जपून वापरावी. तो शब्द गोठ्यात थांबत नाही, घरात येतो.

तिसरा आक्षेप: या सगळ्या चर्चेत पाळणारा कुठे आहे? नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ तुम्ही पाहिला असेल. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गावाला डुक्कर पकडायला ते कुटुंब हवं असतं, आणि त्याच कामावरून गाव त्याला हिणवतं. पाळणाऱ्याची पोरं शरमेने धंदा सोडणार असतील, तर जनावराचा वारसा कोण सांभाळणार? कुणी म्हणेल, रेत गोठवून ठेवू. वळूचं रेत गोठवून वर्षानुवर्षं टिकतं. नर डुकराचं रेत थंडीला फार नाजूक असतं, गोठवल्यावर त्याची फलनक्षमता बरीच उतरते. तेव्हा हा वंश मुख्यतः माणसांच्या अंगणातच टिकायचा आहे. तोही एकाच अंगणात नको. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. असा रोग एका सरकारी फार्मात शिरला, तर सगळी ‘शुद्धता’ एका आठवड्यात संपेल.

मात्र जुनं जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणत नाही. गोव्यात डुकरं संडासाला जोडलेली असत, त्यातून पट्टकृमीचा फेरा माणसात येतो. ते गेलं, बरं झालं. पण त्या जनावराला जगायला नवं कारण द्यावं लागेल. हंगेरीतलं मांगालित्सा हे लोकरी डुक्कर १९९० च्या सुमारास दोनशे माद्यांच्याही खाली आलं होतं. त्याच्या मांसाला स्पेनमध्ये खारवलेल्या मांडीसाठी गिऱ्हाईक मिळालं आणि ते सावरलं. खाण्यासाठीच जपलं, हे कानाला विचित्र वाटेल. पण गोव्याच्या शोरीसालाही हाच न्याय लावता येईल, फक्त दामाचा वाटा पाळणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे.

तेव्हा यापुढे कुणी तुम्हाला सांगितलं, की आम्ही अमुक जातीचं शुद्ध रक्त जपतो, मग ती डुकराची असो की तुमच्या लाल कंधारीची, तर त्यांना तीनच प्रश्न विचारा. नर किती ठेवलेत? ते किती घरांत आहेत? आणि त्या घरांना यातून काय मिळतं? उत्तरं मिळाली तर वंश जपला जातोय असं समजा.

मी इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.