मारुती कांबळे कोण होता?

डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ हा १९७४ सालचा चित्रपट मराठी राजकीय रहस्यपटांत अग्रगण्य गणला जातो, आणि तो मान त्यास योग्यच आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातील प्रश्न तर महाराष्ट्रात म्हणीसारखा रूढ झाला. परंतु मारुती कांबळे कोण होता, असे विचारणारे फारसे आढळत नाहीत. आम्हांस तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात बसून हा चित्रपट पाहिला की त्यातील राजकारण लवकर उमगते. येथून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. त्यामुळे निळू फुले यांनी साकारलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील येथील प्रेक्षकास परका वाटत नाही. तो उपकार करतो आणि उपकाराखाली दबलेल्यांकडून मौन वसूल करतो. सहकाराच्या नावाने वाढलेल्या सरंजामशाहीचे इतके धीट चित्रण त्या काळी दुर्मिळ होते.

उणीव आहे ती मारुतीच्या बाबतीत. तो लष्करातून परतलेला, अन्यायापुढे न वाकणारा माणूस आहे. कांबळे हे आडनाव अनेक जातींत आढळते, हे खरे. तरीही हे आडनाव आणि लष्करी सेवा एकत्र आली की आमच्या वाचकांस सुभेदार रामजी सकपाळांची पिढी आठवते, १९४१ साली बेळगावी उभी राहिलेली महार रेजिमेंट आठवते, पलटणीतून परतून गावकीची कामे नाकारणारे जवान आठवतात. चित्रपटाचा भर या इतिहासावर नाही. मारुतीचे धैर्य त्यामुळे एकट्याचा स्वभाव ठरते. त्यामागील समाज पडद्याबाहेर राहतो.

दलित पँथर १९७२ साली स्थापन झाली होती. वरळीची दंगल १९७४ चीच. दलित तरुण स्वतःच्या तोंडाने बोलत असताना येथे मारुतीसाठी बोलतो तो डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर, म्हणजे दारूत बुडालेला एक जुना ध्येयवादी. लागूंचा अभिनय श्रेष्ठ आहे, याविषयी वाद नाही. पण मारलेला आपला आणि सदसद्विवेक दुसऱ्याचा, ही वाटणी आम्हांस खटकते. पुढे पटेलांनीच ‘मुक्ता’ (१९९४) मध्ये जातीचा प्रश्न उघडपणे हाताळला आणि २००० साली बाबासाहेबांवर चित्रपट केला, हेही नमूद केले पाहिजे.

याच जिल्ह्यात, खर्डा येथे, २०१४ साली एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. तेथे काय झाले हे विचारणारे पुष्कळ होते. न्यायालयात सांगणारे उरले नाहीत. पंचशीलातील चौथे शील घेणाऱ्या आमच्या उपासकांनी ‘सामना’ विहारात एकत्र बसून पाहावा आणि मास्तरपेक्षा त्यातील गप्प बसणाऱ्या गावकऱ्यांविषयी अधिक बोलावे, अशी आमची सूचना आहे.