दुहेरी शुद्धीकरण, अपुरे मूल्यमापन

हवेतील बाष्पशील सेंद्रिय प्रदूषके काढण्यासाठी दोन पद्धतींची सांगड घालणारे शोधनिबंध आज विपुल आहेत. त्यामागील विचार योग्यच आहे. सक्रिय कोळसा टोल्युईन धरून ठेवतो, नष्ट करत नाही. जैवगाळणीतील जिवाणू ते नष्ट करतात, परंतु अचानक वाढलेला भार त्यांना पेलत नाही. कोळसा आधी ठेवल्यास हे चढउतार सौम्य होतात.

आक्षेप मूल्यमापनावर आहे. प्रत्येकी ८० टक्क्यांचे दोन टप्पे मिळून ९६ टक्के, हे गणित दुसरा टप्पा विरळ प्रदूषकावरही तितकाच प्रभावी राहील असे गृहीत धरते. प्रकाश-उत्प्रेरणात टोल्युईनपासून बेंझाल्डिहाइडही तयार होते. ते न मोजता दिलेला टक्का दिशाभूल करतो. शिवाय कोरड्या हवेतील निष्कर्ष वाळपईच्या पावसाळ्यात जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, कारण दमट हवेतील पाणी कोळशाची छिद्रे व्यापते.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनी बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. हे मानक हवेत उरलेले प्रदूषक पाहते, काढलेला टक्का नव्हे. असे निबंध वर्गात शिकवताना शिक्षकांनी हाच प्रश्न प्रथम विचारावा: शेवटी हवेत काय उरले?